हिरवळीला शेवाळ

मेंढ्यांना मी दोष देत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बेटावरच्या मेंढ्या समुद्राचं शेवाळ खाऊन जगतात. साऱ्या बेटाला दगडी गडग्याचा वेढा आहे. गडग्याच्या आत आम्ही, आमची गुरं, बटाटे आणि बार्ली; गडग्याच्या बाहेर, किनाऱ्यावर, मेंढ्या. ओहोटी लागली की त्या खडकांवर उतरतात, भरती आली की वर येऊन रवंथ करत बसतात. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय. अशा बेटावर जन्म काढलेल्या बाईने गावच्या हिरवळीवर ट्रॉलीभर ताजं शेवाळ पसरावं आणि सकाळी उठून "अगं बाई, मेंढ्या कशा आल्या?" असं विचारावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ती बाई मी.

माझं नाव रोबिना. गेली अकरा वर्षं गावच्या हिरवळीची देखभाल माझ्याकडे आहे. हिरवळ म्हणजे शाळेमागचा चौकोन. मुलं संपली तशी शाळा बंद पडली, पण हिरवळ राहिली, कारण तिच्यावर आम्ही म्हातारे गोळ्यांचा खेळ खेळतो. लांबवर एक छोटा पांढरा गोळा टाकायचा आणि आपला मोठा काळा गोळा लोळवत त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. आमच्या वाऱ्यात एकदा खेळून बघा, मग बोला.

बेटावर माणसं एकेचाळीस, त्यांतली खेळणारी नऊ. त्या नवांत माझा नवरा एर्लेंड आहे आणि त्याचा थोरला भाऊ मॅन्सी आहे. माझी सगळी धडपड होती ती या दोन घोड्यांसाठी.

झालं होतं असं. गडग्याचा कुठला तुकडा कुठल्या घराने सांभाळायचा, हे आमच्याकडे आजे-पणज्यांपासून ठरलेलं आहे. आमच्या घराचं नाव नौस्ट, मॅन्सीच्या घराचं ग्रिंड. नौस्टचा तुकडा संपतो तिथे ग्रिंडचा सुरू होतो. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात गडगा ढासळला तो बरोब्बर या सांध्यावर, आणि हद्दीचा दगड समुद्राने नेला. एर्लेंड म्हणाला, पडलेला भाग ग्रिंडचा. मॅन्सी म्हणाला, नौस्टचा. पडला होता जेमतेम चार हात! पण त्या चार हातांवरून दोघं पोचले थेट मेलेल्या बापापर्यंत, त्याने कुणाला काय झुकतं माप दिलं इथपर्यंत. मग बोलणंच संपलं. भगदाडात मॅन्सीने एक जुनी लोखंडी खाट उभी केली, एर्लेंडने तिच्यापुढे मासळीचे रिकामे खोके रचले, आणि दोघांच्या मते प्रश्न मिटला. गडग्याचा आणि मेंढ्यांचा कारभार बघणाऱ्या मेंढीपंचायतीने दोनदा बोलावणं धाडलं. एक आला की दुसरा यायचा नाही.

हिरवळीवर मात्र ते बोलत. तीस वर्षांची जोडी ती. खेळताना बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. "डावीकडून घे." "जोर आवर." "हां, आता बरा आलास." गेल्या उन्हाळ्यात तर मॅन्सीने चक्क विचारलं, "गुडघा कसाय?" एर्लेंड म्हणाला, "आहे." एवढंच. पण त्या दिवशी घरी येऊन त्याने जवाच्या दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हिरवळीच्या कडेबाहेर पाऊल पडलं की पुन्हा तोंडाला कुलूप. मे ते सप्टेंबर, आठवड्यातून दोन संध्याकाळी, हे त्या दोन सख्ख्या भावांचं वर्षाचं बोलणं. मॅन्सी एकोणऐंशीचा आहे आणि त्याच्या छातीत आता डॉक्टरांनी बसवलेली झडप आहे. मला ते एवढंसं बोलणं राखायचं होतं, बाकी काही नाही.

आणि नेमकी हिरवळ आजारी पडली. मागच्या शरदात मोठ्या बेटावरून मिसेस ड्रेव्हर आल्या. सगळ्या बेटांवरच्या हिरवळी त्या तपासतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय गोळा टाकायचा नाही. आमची हिरवळ पिवळी पडली होती आणि मधेमधे टक्कल दिसत होतं. त्यांनी बुटाच्या टाचेने माती दाबली आणि म्हणाल्या, "एप्रिलच्या शेवटी परत येते. तोवर सुधारली तर ठीक. नाहीतर एक वर्ष बंद."

"एक वर्ष?" मी म्हटलं.

"गवताला विश्रांती लागते, बाई."

गवताला लागत असेल. एकोणऐंशीच्या माणसाला वर्षभराची विश्रांती कशी परवडणार?

मला आई आठवली. बटाट्याच्या शेतात ती दर हिवाळ्यात शेवाळ घालायची आणि तिच्या बटाट्यांची पानं अशी काळीशार हिरवी असायची, की शेजारणी गडग्यावरून माना उंचावून बघायच्या. बटाट्याला चालतं ते गवताला का नाही चालणार? फेब्रुवारीच्या वादळाने किनाऱ्यावर कमरेएवढा ढीग टाकला. मी एर्लेंडला ट्रॅक्टर काढायला लावला.

"हिरवळीवर बटाटे लावतेस का?" तो म्हणाला.

"तुझं डोकं लावते. उचल ते दाताळं."

कुरकुर केली, पण तीन ट्रॉल्या भरून दिल्या. घाई मी केली नाही. ढीग शाळेच्या भिंतीला लावून पावसात ठेवला. मीठ धुऊन गेलं पाहिजे, नाहीतर गवत करपतं. मेंढ्यांच्या तोंडी लागायच्या लायकीचं काही उरू नये इतकं ते कुजलं, तेव्हा कोयत्याने बारीक केलं आणि मार्चमध्ये हिरवळीवर बोटाच्या पेराएवढा पातळ थर दिला. उरलेलं पिंपात पाण्यात बुडवून ठेवलं. त्या पिंपाचा वास! टपाल घेऊन येणारं विमान उतरलं की पायलट नाकाला रुमाल लावायचा. माझी जाऊ जेमायमा, म्हणजे मॅन्सीची बायको, दुकानात सगळ्यांच्या देखत म्हणाली, "रोबिना, तुमच्याकडे कोणी गेलंबिलं तर नाही ना? नाही, वास येतोय म्हणून विचारते."

जेमायमा तशी ताठ बाई. चर्चला जाताना हॅटला पिन लावते ती वाऱ्यासाठी नाही, मान हलू नये म्हणून. मी हसून सोडून दिलं. दर चार दिवसांनी पिंपातलं एक तांब्या पाणी बादलीभर पाण्यात मिसळून झारीने हिरवळीला घालत राहिले.

आणि एप्रिलच्या मध्यावर हिरवळ उठली. काय सांगू! टकलं भरून आली, पातं रुंद झालं, आणि रंग असा चढला की लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायला लागले. मेंढीपंचायतीचा मुख्य सिंक्लेअर, जो आपल्या मेंढ्यांखेरीज कशालाच चांगलं म्हणत नाही, तो टोपी काढून म्हणाला, "झोपावंसं वाटतंय हिच्यावर." मॅन्सी एकटाच येऊन कडेला उभा राहिला आणि बूट-मोजे काढून अनवाणी दोन पावलं चालून गेला. मी लांबून पाहिलं आणि माझा ऊर भरून आला.

इथेच थांबायचं होतं. पण कौतुक डोक्यात गेलं. मिसेस ड्रेव्हर यायला पाच दिवस उरले आणि रात्रीच्या भरतीने किनाऱ्यावर मऊ, तांबूस, ताजं शेवाळ आणून टाकलं. वाटलं, एक शेवटचा हात देऊ. मधल्या भागात अजून जरा फिकं दिसतंय.

"पुरे झालं आता," एर्लेंड म्हणाला. "अति तिथे माती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं की हे कुजलेलं नाही."

"पाऊस येतोय. उद्या धुऊन निघेल."

पाऊस आला खरा. वाराही आला, आणि तो नेमका हिरवळीवरून किनाऱ्याकडे. गडग्याबाहेर थंडीत कुडकुडत बसलेल्या मेंढ्यांच्या नाकापर्यंत मी पानच वाढून पाठवलं म्हणा ना. सहा वर्षं ज्या खाटेला त्यांनी शिंग लावलं नव्हतं, ती त्यांनी आडवी केली. खोक्यांची लाकडं झाली. सकाळी मी चहाचा पेला घेऊन शाळेमागे गेले तर हिरवळीवर चौतीस मेंढ्या. शेवाळाचा एक धागा शिल्लक नव्हता. खाऊन पिऊन तृप्त होऊन काही बसल्या होत्या, काही उगाच फिरत होत्या, आणि पावसाने मऊ झालेल्या त्या लोण्यासारख्या जमिनीत जिथे तिथे खुरांचे खड्डे होते. गवत शाबूत होतं. जमीन चाळण झाली होती.

मी आरडाओरडा केला. सगळं बेट गोळा झालं. मेंढ्या हाकायच्या म्हटलं की आमच्याकडे आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठतो. हात पसरून साखळी धरून आम्ही त्यांना भगदाडातून बाहेर काढलं. नऊच्या नऊ खेळाडू मग हिरवळीच्या कडेला उभे राहिले. जेमायमा माझ्याजवळ आली.

"तुझ्या शेवाळाने माझ्या नवऱ्याचा उन्हाळा खाल्ला, रोबिना," ती म्हणाली.

खरंच होतं ते.

उरलेले चार दिवस आम्ही खड्ड्यांत वाळू भरली, लाकडी फळ्या टाकून वर उड्या मारल्या. मिसेस ड्रेव्हर आल्या, बघतच राहिल्या. "असा रंग मी कुठल्याच बेटावर पाहिला नाही. काय घातलंत?" मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पिशवीतून काळा गोळा काढला आणि लोळवला. तो सरळ निघाला, अडखळला, उजवीकडे वळला, पुन्हा अडखळला, आणि एका खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला.

"रंगाला शंभरपैकी शंभर," त्या म्हणाल्या. "पण खेळ रंगावर होत नाही. एक वर्ष बंद. वाईट वाटून घेऊ नका."

हिरवळीभोवती दोरी लागली. मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडले. एर्लेंड दारात उभा राहून म्हणाला, "गवतच आहे ते." म्हणाला खरा, पण त्या संध्याकाळी जेवला नाही.

मेंढीपंचायत मात्र यावेळी हटली नाही. सिंक्लेअर स्वतः दोन्ही घरी गेला आणि एकच निरोप दिला: गडगा कुणाचा ते देवाला माहीत, दोघांनी मिळून उभा करायचा, नाहीतर दोघांच्याही मेंढ्या पुढच्या लोकरीच्या कातरणीला त्यांच्या नावावर मोजल्या जाणार नाहीत. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. सोमवारी सकाळी दोन भाऊ भगदाडापाशी गेले आणि दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून कामाला लागले.

मी चहा घेऊन गेले आणि पेले गोळा करायच्या निमित्ताने रेंगाळले. तासभर नुसता दगडावर दगड. मग मॅन्सी डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे बघत म्हणाला, "तो दगड राहायचा नाही."

"राहील."

"पोट बाहेर काढून बसवलायस त्याला. बाबा असते तर लाथ घातली असती."

"बाबांनी लाथ तुझ्या दगडांना घातली होती. माझ्या नाही."

"तू दगड लावलेस कधी? तू खेकडे धरत बसायचास!"

"आणि तू? जेमायमाच्या घराकडे तोंड करून उभा असायचास! म्हणून तर तुझा गडगा तिकडे कलायचा!"

मॅन्सी वळला. लालबुंद झालेला तो, हातात धोंडा. आणि मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता धोंड्यावर बसला. एर्लेंड धावत जाऊन त्याच्या पाठीवर थापा मारायला लागला, आणि थापा मारतानाही म्हणत होता, "कलायचा म्हणजे कलायचाच!"

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना "मॅन्सी म्हणतो" सुरू झालं. मॅन्सी म्हणतो असं, मॅन्सी म्हणतो तसं, मॅन्सीला काय अक्कल आहे, मॅन्सीचं एक बरोबर आहे. सहा वर्षांत मी हे शब्द ऐकले नव्हते. चार हात गडगा, पण एकाने लावलेला दगड दुसऱ्याला पटायचा नाही. संध्याकाळी लावलेलं सकाळी उतरवलं जायचं. भांडण तर असं, की किनाऱ्यावरचे पक्षी उडून जायचे. दुसऱ्या आठवड्यात सिंक्लेअरने मला दुकानात गाठलं.

"रोबिना, चार हातांना किती दिवस?"

"जुने दगड आहेत, सिंक्लेअर. घाई करून चालत नाही."

पण तिसऱ्या शनिवारी गडगा पुरा झाला. देखणा झाला, खोटं कशाला बोलू. मॅन्सीने त्यावरून तळहात फिरवला. एर्लेंडने पहार उचलली. "बरं," एक म्हणाला. "बरं," दुसरा म्हणाला, आणि दोघं आपापल्या घरी गेले. मला वाटलं, आता सुटली गाठ. कसलं काय! मंगळवारी बोट आली तेव्हा धक्क्यावर दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावरून गेले. मान नाही, डोळा नाही, काही नाही.

"काय रे," मी घरी आल्यावर एर्लेंडला विचारलं, "मॅन्सीशी बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोलले होते. "काम झालं ना. आता काय बोलायचं?"

अस्सा संताप आला! पण मग कळलं की तो खरंच बोलतोय. या घराण्यातल्या पुरुषांना रिकाम्या हातांनी बोलता येत नाही. हातात गोळा पाहिजे, नाहीतर दगड. गोळा मी घालवला होता. दोरीच्या पलीकडे ती हिरवळ वाऱ्यावर डुलत होती, बेटाच्या इतिहासात कधी नव्हती एवढी हिरवी, आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. उन्हाळा सुरू झाला होता. ग्रिंडच्या खिडकीत मॅन्सी नुसता बसलेला दिसायचा. आमच्याकडे जेवताना चमच्यांचा आवाज व्हायचा तेवढाच.

रविवारी मोठ्या बेटावरून पाद्रीबाबा आले. महिन्यातून एकदा येतात, म्हणून सगळं बेट चर्चला जातं. मी नाक ओढलं आणि एर्लेंडला म्हटलं, "मला सर्दी झालीये. तू जा." त्याची पाठ वळली तशी मी हातमोजे घातले आणि शेताच्या कडेने गडग्याकडे निघाले. मेंढी आत येता कामा नये, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त वरचे चार दगड काढायचे. कुणी म्हणेल वाऱ्याने पडले. एवढ्या शांत हवेत कसे पडले, हे विचारायला कुणी आलं तर बघू.

सांध्यापाशी पोचले आणि थबकले. गडग्याला टेकून चर्चची हॅट घातलेली एक बाई वाकली होती. तिच्या पायाशी गवतावर दोन दगड होते आणि तिसरा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. जेमायमा.

मला बघताच तिने तो दगड आणखी घट्ट धरला.

"तुला तर सर्दी झाली होती," ती म्हणाली. "वाटेत एर्लेंड सांगत होता सगळ्यांना."

"आणि तुला गं?"

"डोकं दुखतंय. अर्ध्या वाटेवरून परत आले." तिने दगड खाली ठेवला, हॅट सरळ केली आणि गडग्याच्या पलीकडच्या टोकाकडे हनुवटीने दाखवलं. "उभी काय राहिलीस? ग्रिंडच्या बाजूचे मी काढते, नौस्टच्या बाजूचे तू काढ. म्हणजे कुणाचा पडला यावर त्यांना नीट भांडता येईल."

मी बाह्या वर केल्या.